अर्चनाच्या पायाची पट्टी

आमच्या ह्यांना मी आयुष्यातलं जवळजवळ सगळं सांगितलंय. हे नाही सांगितलं. माहेरी आईला नाही, लेकाला नाही, देवापुढं हात जोडले तेव्हाही हे सोडून बाकीचंच बोलले. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. बसल्यावर कळलं, तितकं सोपं नाही. पण तोंड उघडलंय, आता मागं फिरत नाही.

आधी मी कोण ते सांगते. मी सुमन. वडवणीजवळच्या एका गावात राहते, बीडच्या रस्त्याला लागूनच आमचं घर आहे. कुणाचा पाय मुरगळला, कुणाचं मनगट लचकलं, कुणी शिडीवरून पडून मुका मार लागला, की माणसं आमच्या ओट्यावर येऊन बसतात. सकाळी दूध काढून होईपर्यंत कुणी ना कुणी आलेलं असतंच. मी डॉक्टर नाही, तसं कधी म्हणवूनही घेतलं नाही. माझं माहेर युसूफ वडगावचं, तिथं माझी आई हे करायची. तिच्या हाताखाली मी शिकले.

आणि एक गोष्ट छाती ठोकून सांगते — माझ्या लेपात खोट नाही. ताजी दुखापत असली तर मी गरम काही लावू देत नाही. पहिल्या दिवशी नुसती माठातल्या पाण्याची गार फडकी, आणि पाय उशीवर उंच. सूज धरून बसली की मग आंबेहळद आणि तुरटी सहाणेवर उगाळायची, पळीत कोमट करायची आणि सोसेल तशी लावायची. वरून एरंडाचं पान तेल लावून, तव्यावर शेकून. निरगुडीचा पाला उकळून त्याच्या पाण्याचा शेक, पण तो नंतर. वर जुन्या धोतराची मऊ पट्टी — आणि ती सैल. पट्टीखाली बोट सहज गेलं पाहिजे. पायाची बोटं ऊनऊन राहिली पाहिजेत, नख दाबून सोडलं की लगेच लाल झालं पाहिजे. आणि हाडावर बोट टेकवताच माणूस किंचाळला, किंवा पाय टेकवताच येत नसला, तर लेप नाही, काही नाही — सरळ बीडला दवाखान्यात. कित्येकांना मी ओट्यावरूनच परत पाठवलंय. "वहिनी, लावा की थोडं," म्हणून गयावया करणाऱ्यांनाही. त्या बाबतीत माझा हात आणि माझी नजर आजवर चुकली नाही.

मग कबूल काय करायचंय? हेच — की नजर चुकली नव्हती.

थांबा. नीट सांगते.

अर्चना माझी धाकटी जाऊ. माजलगावकडची. ती लग्न होऊन आली तेव्हा सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात बाईमाणूस मी एकटीच. ती आल्यावर मला हायसं वाटलं, हेही खरं आहे. हसरी पोर. मला पहिल्या दिवसापासून आक्का म्हणायला लागली, आणि ते नुसतं तोंडदेखलं नव्हतं. मी ताप येऊन पडले तेव्हा माझं डोकं तिनं मांडीवर घेतलं होतं. हे मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं तुम्हाला असं वाटायला नको की ती वाईट होती किंवा आमचं पटत नव्हतं. आमचं चांगलं पटायचं. मी केलं ते पटत असताना केलं.

तिला पोलीस व्हायचं होतं. लग्नाआधीपासून. माझे दीर तेव्हा वडवणी-बीड काळीपिवळी जीप चालवायचे, स्वभावानं साधे. त्यांनी लग्नातच कबूल केलं होतं — भरतीची तयारी कर, मी आडवा येणार नाही. आणि ते खरंच आडवे आले नाहीत. अर्चना पहाटे उठून भाकरी थापायची, माझ्या वाटचं पाणीसुद्धा भरून ठेवायची आणि मग रस्त्यानं पळायला जायची. सलवार-कमीज, पायात पांढरे बूट. सुरुवातीला गावात लोक हसले. मग हसायचे थांबले, कारण ती पळायची तेव्हा बघत राहावं असं पळायची. दूध घालायला निघालेले गडी मोटारसायकली हळू करायचे. आमच्या गल्लीतल्या अजून दोघीतिघी पोरी तिचं बघून पळायला लागल्या.

मला काय वाटायचं? खरं सांगायचं तर आधी अभिमान वाटायचा. मग हळूहळू काहीतरी बोचायला लागलं — रोज थोडं थोडं. आमचे हे कुणाचं तोंडावर कौतुक करणारे नाहीत. माझ्या इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या भाजीला बरी झाली असंही कधी म्हणाले नाहीत. ते एकदा जेवताना म्हणाले, "अर्चना लई जिद्दीची हाय बरं का." मी भाकरी वाढत होते. तव्यावरची भाकरी करपली, तेव्हा कळलं की मी तशीच उभी होते.

मीही शाळेत हुशार होते. दहावी झाली आणि लग्न झालं. पण हे कारण म्हणून सांगत नाही. आमच्या पिढीतल्या कितीतरी बायकांचं असंच झालं, त्यांनी कुणाचं काही केलं नाही.

एक प्रसंग मात्र सांगायला हवा. एका दुपारी आम्ही दोघी कापसाची बोंडं सोलत बसलो होतो. अर्चना एकदम म्हणाली, "आक्का, नोकरी लागली की तुमाला बीडला घेऊन जाते बघा. तिथं क्वार्टर मिळतंय म्हणे. तुमी नुसतं बसून राहायचं. लई कष्ट काढले तुमी."

किती चांगलं बोलली होती. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. माझ्या मनात काय आलं माहीत आहे? मला बसवणारी ही कोण? या घरात कुणी बसायचं आणि कुणी उठायचं हे आजवर मी ठरवत आले, आणि आता ही ठरवणार? मी तिच्याकडं बघून हसले. "आधी लाग तर खरी," म्हणाले. ती हसली, तिला वाटलं मी थट्टा केली.

त्या वर्षी भरती निघाली. वयाच्या अटीत बसायची तिची ती शेवटची वेळ होती. पुढची भरती निघेपर्यंत ती बाद होणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मलाही. ग्राउंडची — म्हणजे मैदानी चाचणीची — तारीख आली. तयारीला अजून बऱ्यापैकी दिवस हातात होते. आणि अशातच एका सकाळी पळून परत येताना डांबराच्या कडेला तिचा पाय घसरला. पावसानं कडेचा मुरूम वाहून गेला होता, तिथं खळगा पडला होता. घोटा बाहेरच्या बाजूला वळला.

दिरांनी तिला उचलून ओट्यावर आणलं. पाय बघता बघता सुजला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण पहिला प्रश्न काय? "आक्का, ग्राउंडपतूर बरा होईल ना?"

मी बघितलं. घोट्याच्या दोन्ही हाडांवर दाबून बघितलं, पंजाच्या कडेच्या हाडावर दाबलं. दुखत होतं ते हाडाच्या पुढं, मऊ जागी. तिला धरून उभं केलं, तर कळवळली, पण पाय टेकवून पावलं टाकली. हाड साबूत होतं. मुरगळाच होता, आणि तोही मधला — फार हलका नाही, फार भारी नाही. दीर म्हणाले, "वहिनी, बीडला नेऊन हाडाचा फोटो काढू का? गाडी दारातच हाय."

"कशाला फोटो? हाड चांगलं हाय. म्या बघते."

हे मी तेव्हा खरंच मनापासून बोलले. त्या दिवशी माझ्या मनात काही नव्हतं. हे तुम्ही माना किंवा मानू नका. सुरुवातीचे दिवस मी अर्चनाचा पाय पोटच्या पोरीचा असावा तसा जपला. गार फडकी, मग लेप, मग एरंडाचं पान. तिला जागचं हलू दिलं नाही. घरातलं सगळं मी केलं, आणि कुरकुर न करता केलं. पाय असा उतरत गेला की बघून मलाच समाधान वाटायचं. काळानिळा डाग हिरवट झाला, मग पिवळा. मुरगळा बरा होत आला की डाग असाच पिवळा पडतो.

आणि मग ती सकाळ आली. दीर पहिल्या फेरीला गेले होते, आमचे हे शेतात. मी पट्टी सोडली. सूज गेलेली होती. घोट्याचं हाड दोन्ही बाजूंनी स्पष्ट दिसत होतं. मी दाबलं, वळवलं. अर्चना म्हणाली, "आक्का, आता न्हाई दुखायला. खरंच न्हाई. जरा ओढल्यावानी होतंय, बस." ती उभी राहिली आणि ओट्यावरून चालून दाखवलं. तोंडावर असा आनंद होता!

हातात अजून दिवस होते. ती उद्यापासून चालली असती, मग हळू पळाली असती, चाचणीला उभी राहिली असती. पहिल्यासारखी पळाली नसती कदाचित — पण ती थोडं कमी पळाली तरी बाकीच्यांना भारी होती. हे सगळं मला एका क्षणात कळलं. जे मला सगळ्यात चांगलं कळतं, तेच होतं ते.

आणि मी म्हणाले, "बस खाली. वरून बरा दिसतोय. आतून शीर कच्ची हाय."

झालं. हेच ते.

तिचा चेहरा पडला. "म्हंजी?"

"म्हंजी आता पळलीस तर शीर कायमची सरकंल. जन्माची लंगडी होशील. म्या बघितलेत असे पाय."

नव्हते बघितले. असं काही नसतंच मुळी. "आतून कच्चा" हा शब्दच मी त्या घडीला बनवला. आणि तो इतक्या सहज बनला की माझी मलाच भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

पण चांगला पाय ज्याचा असतो त्याला तो चांगलाच वाटतो ना? नुसत्या शब्दानं तो किती दिवस दुखणार? म्हणून मी पुढचं केलं. तुम्हाला मघाशी सांगितलं ना, पट्टी सैल हवी? मी घट्ट बांधायला लागले. इतकी घट्ट की सकाळी सोडली की पट्टीच्या खाली पंजा फुगलेला, बोटं जड आणि गार, आणि कातडीवर पट्टीचे वळ. मग मी तिला तो पंजा दाखवायची. "बघ, म्हणलं नव्हतं? अजून सूज हाय." आणि ती मान हलवायची. तिला दिसत होतं ना डोळ्यांनी — मी खोटं कसं बोलेन?

जो हात माणसं बरी करतो, त्याच हातानं मी हे रोज करत होते. लेपही लावत होते, तोही अगदी नीट. वास तोच, ऊब तीच. मध्ये मध्ये तिला हळदीचं दूध देत होते. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, जाऊ असावी तर अशी.

एकीला मात्र वाटलं नाही. आमच्या शेजारी शमीमभाभी राहतात, त्यांचा नवरा बाजारात फळांची गाडी लावतो. त्या एकदा पपई द्यायला आल्या आणि माझं बांधणं बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "सुमन, इत्ती कसून कशापायी बांधायलीस गं? पोरीची बोटं निळी पडली की."

मी वर न बघता म्हणाले, "भाभी, तुमी फळांचं बघा. पायाचं म्या बघते."

त्या पपई ठेवून गेल्या. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, मीही नाही.

दिरांनी दुसऱ्यांदा विचारलं, या खेपेला जरा काकुळतीनं — "वहिनी, एकदा बीडच्या डॉक्टरला दाखवून आणू का? तारीख जवळ आली." डॉक्टरनं बघितलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं. मी त्यांच्याकडं सरळ बघितलं आणि म्हणाले, "भाऊजी, माझ्यावर भरवसा न्हाई का?" ते वरमले. अर्चनाच त्यांच्यावर डाफरली, "कायबी बोलता. आक्का करायल्यात ना एवढं? त्या म्हणतील तसं." मग तो विषय कायमचा संपला.

चाचणीच्या सकाळी दिरांची गाडी बीडला निघाली, गल्लीतल्या पोरींना घेऊन. अर्चना ओट्यावर बसली होती, पाय स्टुलावर. आदल्या दिवशी तिनं आपले पांढरे बूट धुवून वाळवले होते — मी चमकले होते, हिच्या मनात तरी काय आहे म्हणून. ते बूट तिनं गल्लीतल्या एका पोरीला दिले. त्या पोरीचे फाटले होते. "माप जमतंय का बघ," म्हणाली. जमलं. गाडी गेली. अर्चना रडली नाही. बराच वेळ रस्त्याकडं बघत बसली, मग मला म्हणाली, "आक्का, लसूण द्या सोलायला. हात तरी मोकळे हायत."

मी लसूण दिला.

त्याच दिवशी मी पट्टी सैल केली. लगेच पंजा उतरला. थोड्याच दिवसांत ती घरभर फिरायला लागली. आणि मग काय झालं असेल? माझं नाव झालं. अर्चनाच सांगत सुटली — माझा पाय कायमचा गेला असता, आक्कानं वाचवला. मी हट्टानं पळले असते तर आज लंगडत असते. आठवडी बाजारात, लग्नात, माहेरी. ते ऐकून आजूबाजूच्या गावांतून माणसं यायला लागली. आज माझ्या ओट्यावर जी गर्दी असते ना, तिची सुरुवात तिथं आहे. त्या माणसांना गुण आला, येतो, ते खरं आहे. पण पहिल्यांदा ती माणसं आली ती कशामुळं, हे मला माहीत आहे.

तुम्ही म्हणाल, एक संधी गेली, झालं. मीही स्वतःला असंच म्हणायचे. तिला मुलगी झाली, संसार वाढला, दिरांनी नंतर गाडी विकून गावातच दुकान टाकलं. तिचं वाईट चाललंय असं कुणी म्हणणार नाही. पण त्या दिवसानंतर अर्चना कधी पळाली नाही. नुसती भरतीसाठी नव्हे — कशासाठीच नाही. माझा शब्द तिच्या पायात जाऊन बसला. जिना उतरताना ती अंग तिरपं करून, भिंतीला धरून उतरते. एस.टी. सुटायला लागली तरी घाई करत नाही. गेली तर जाऊ दे म्हणते. शेतात बांधावरून उडी मारायची वेळ आली की लांबून वळसा घालून येते. लेकीच्या शाळेत आयांच्या शर्यती होत्या, तेव्हा लेक हाताला धरून ओढत होती. अर्चना म्हणाली, "न्हाई गं बाई, माझा पाय आतून कच्चा हाय." मी शेजारीच बसले होते. माझाच शब्द होता. अर्चनाच्या तोंडून तो ऐकताना तो कुणा डॉक्टरनं सांगितल्यासारखा पक्का वाटला.

तेव्हा तरी सांगायचं होतं ना? सांगता आलं असतं. भीती होती? होती, पण तेवढीच नव्हती. मला तिचा तो मान सोडवत नव्हता. ती माझ्याकडं जशी बघते तसं बघणं मला हवं होतं.

आता या वर्षीचं सांगते. कापूस वेचणीचे दिवस. शेतात आम्ही दोघी आणि माझी नात, ओवी — नुकती चालायला, नव्हे धावायला शिकलेली. सून बाजाराला गेली होती. ओवीला लिंबाखाली बाजेवर निजवून आम्ही वेचत होतो. मी पुढच्या तासात, म्हणजे कपाशीच्या ओळीत, अर्चना मागं. आमच्या शेताच्या खालच्या अंगाला शेततळं आहे. त्याला तारेचं कुंपण आहे, पण एका कोपऱ्यात जनावरांनी तार दाबलेली. तळ्यात टाकलेला प्लास्टिकचा कागद कसा असतो ते ज्यानं बघितलंय त्यालाच कळेल — एकदा पाय घसरला तर मोठ्या माणसालाही वर येता येत नाही.

ओवी कधी उठली कळलं नाही. मी मान वर केली तेव्हा तिचा लाल फ्रॉक दाबलेल्या तारेपलीकडं होता.

मी ओरडले. पळाले, पण माझं वय आणि माझं वजन — तासातच अडखळून गुडघ्यावर पडले. आणि माझ्या शेजारून काहीतरी सपकन गेलं. अर्चना. वेचलेल्या कापसाची ओटी सोडून दिलेली, पदर कमरेला, बांध आला तसा उडी मारून ओलांडला, कपाशी दोन्ही हातांनी बाजूला सारत. इतक्या वर्षांत न पळालेली बाई. मी पडल्या जागेवरून बघत होते. ओवीचा एक पाय कागदावर गेला, ती बसकन आदळली आणि घसरायला लागली — आणि अर्चनानं काठावर पोटावर झोकून देऊन तिचा फ्रॉक मागून पकडला.

मी पोचले तेव्हा दोघी काठापासून लांब मातीत बसल्या होत्या. ओवी भोकाड पसरून रडत होती. अर्चनाचा ऊर धपापत होता. मी ओवीला छातीशी घेतलं. आणि अर्चनानं काय केलं असेल? तिनं दोन्ही हातांनी आपला घोटा पकडला. तोच. तिच्या डोळ्यांत आता भीती आली होती, तळ्याची नव्हे.

"आक्का, म्या पळाले. आता काय खरं न्हाई पायाचं. लवकर लेप लावा."

नातीला कडेवर घेऊन मी अर्चनापुढं मातीत बसले आणि तिचा पाय मांडीवर घेतला. दाबला. वळवला. कुठं सूज नाही, कुठं दुखरी जागा नाही. कसा असायचा? तो पाय चांगलाच होता, इतकी सगळी वर्षं.

तिथं आम्ही दोघीच होतो. शेतात चिटपाखरू नव्हतं. माझी नात जिवंत माझ्या कडेवर होती, ती तिच्यामुळं. सांगायला याहून चांगली जागा आणि वेळ मला आयुष्यात परत मिळणार नाही. शब्द तोंडात आले होते. अर्चना, तुझा पाय कधीच कच्चा नव्हता — एवढेच.

मी म्हणाले, "काय न्हाई झालं. शीर पक्की झाली आता."

ती बघतच राहिली. "खरंच?"

"इतक्या वर्षांचं लेपाचं काम हाय ते. आता पळ कुठंबी."

हो. बरं करण्याचं श्रेयसुद्धा मीच घेतलं.

ती रडली. ज्या दिवशी गाडी बीडला गेली त्या दिवशी रडली नव्हती, ते सगळं त्या मातीत बसून रडली. माझे हात हातात घेऊन डोळ्यांना लावले. मी लावू दिले. घरी आल्यावर तिनं सगळ्यांना सांगितलं — ओवीला वाचवल्याचं थोडं, आणि माझ्या लेपानं तिची शीर पक्की झाल्याचं जास्त.

तेव्हापासून ती सकाळी रस्त्यानं जाते. आधी नुसती चालायची. परवा मी ओट्यावर झाडत होते, तर ती वळणापाशी थांबली, पदर खोचला आणि पळत आली. केस आता पांढरे व्हायला लागलेत, अंग भरलंय, पण पाऊल तसंच पडतं — हलकं, लांब. दुधाच्या मोटारसायकलवरचा एक गडी गाडी हळू करून बघत गेला. "आक्का, बघा!" ती लांबूनच ओरडली.

मी बघितलं. बीडच्या मैदानावर हे किती जणांनी बघितलं असतं. अर्चना पोलीस झाली असती. ते मी होऊ दिलं नाही, जाणूनबुजून, रोज माझ्या हातानं पट्टी आवळून. तिला ते आजही माहीत नाही.

ती दारात येऊन घाम पुसत उभी राहिली आणि मी तिला पाणी आणून दिलं.